रुखवतातलं हेलिकॉप्टर

जळालेली मोटर पुन्हा फिरवणाऱ्या माणसाला प्लास्टिकचं हेलिकॉप्टर जोडायला काय लागतं? काहीच लागत नाही, असं बोदवडच्या लीलाधर भारंबे यांचं ठाम मत होतं. आणि लीलाधरभाऊंचं मत म्हणजे त्यांच्या हातचं वाइंडिंग. एकदा घट्ट बसलं की जळाल्याशिवाय बाहेर निघत नाही.

भाऊंचं दुकान स्टेशन रोडला. आसपासच्या केळीबागांतल्या, कापसाच्या शेतांतल्या पाण्याच्या मोटरी जळाल्या की तिथे येऊन पडतात. भाऊ आतली काळी पडलेली तार उपसून काढतात, नवी भरतात, वार्निश मारतात, वाळवतात, आणि मोटर पुन्हा पाणी ओढायला लागते. या कामाचा त्यांना अभिमान होता. त्याहून मोठा अभिमान मिशीचा. नाकाखालून निघून गालांवर चढलेली, दोन्ही टोकांना तांब्याच्या तारेसारखा पीळ दिलेली मिशी. गिऱ्हाईक दुकानात शिरताना आधी मिशीला नमस्कार करतं आणि मग भाऊंना, असं लोक म्हणत. भाऊ ते खोडून काढत नसत.

ही मिशी धोक्यात आली ती धुळ्याला, मुलीच्या साखरपुड्यात.

मोनालीला स्थळ चांगलं मिळालं होतं. मुलाचं नाव नवीन, फौजेत हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. शांत, निर्व्यसनी, विचारल्याशिवाय न बोलणारा. त्याच्या वाटणीचं सगळं बोलणं त्याच्या मामाने उचललेलं होतं. हे झुलालमामा. जन्म धुळ्यात गेलेला, बोलणं अस्सल अहिराणी आणि तोंडाला झाकण नाही. पेढे वाटून होत नाहीत तोच ते म्हणाले, "लीलाधरभाऊ, तुमना बोदवडकडना रुखवतमा काय ऱ्हास हो? पापड, कुरडया, बिबड्या. बठ्ठं खावानं. देखानं काहीच नही."

पाहुणे हसले.

आता रुखवत ही काय चीज आहे ते एकदा स्पष्ट बोलू. मुलीच्या बापाने मुलगी द्यायची, जेवण द्यायचं, मानपान करायचे, आणि एवढं करून मांडवात टेबलं लावून प्रदर्शनही भरवायचं, की पाहा हो, आमच्या घरात लोकरीचा ससा विणता येतो. बघायला कोण, तर आयतं जेवायला आलेले. नाकं मुरडणार तेही तेच. लीलाधरभाऊंनी तिथेच सांगायला हवं होतं की झुलालभाऊ, रुखवत हा मुळातच मूर्खपणा आहे, आम्ही मांडणार नाही. पण असं सांगणारा मुलीचा बाप अजून जन्माला यायचा आहे. भाऊंनी मिशीला पीळ दिला.

"झुलालभाऊ, तुमचा भाचा काम कशावर करतो?"

"हेलिकॉप्टरवर."

"मग रुखवतात हेलिकॉप्टर उभं राहील. माझ्या हातानं जोडलेलं. नाही राहिलं, तर ही मिशी भर मांडवात तुमच्यासमोर काढीन."

भाऊंच्या पत्नी सुनंदाबाई यांच्या हातातला पेढा तोंडापर्यंत पोचलाच नाही. मोनालीने डोळे मिटून घेतले.

"मांडवमा?" झुलालमामांनी खात्री करून घेतली.

"मांडवात."

"मंग मी माइकवर सांगसू हां."

"सांगा."

परतीच्या वाटेवर एरंडोल आल्यावर सुनंदाबाई गाडीत एवढंच म्हणाल्या, "पोरीच्या लग्नात लोक दागिने देतात. तुमी मिशी द्यायले निघाले."

दुसऱ्याच दिवशी भाऊ जळगावला खेळण्यांच्या दुकानात हजर. बन्सीलाल नावाच्या मालकाने काउंटरवर चार डबे मांडले, एकातलं हेलिकॉप्टर काढलं, रिमोटचं बटण दाबलं, आणि ते घूं करत थेट भाऊंच्या डोक्यावरून जाऊन बाहुल्यांच्या फळीवर आदळलं.

"बघा भाऊ, कसं उडतं."

"उडणारं नको. उभं राहणारं पाहिजे."

बन्सीलाल थबकला. "न उडणारं?"

"न उडणारं. आणि सुटं."

"म्हणजे मोडलेलं?"

"जोडायचं बाकी असलेलं."

"भाऊ, एवढी वर्षं धंदा करतो," बन्सीलाल म्हणाला, "लोक उडतं हेलिकॉप्टर नेतात आणि मोडून परत आणतात. मोडकंच न्यायला आलेले तुम्ही पहिले."

शेवटी मोनालीनेच मोबाइलवर शोधलं. नवीनच्या बायोडाट्यातला फोटो समोर धरला. त्यात तो एका हेलिकॉप्टरला टेकून उभा होता. तीन लांब पाती, पुढे काचेचा फुगा, मागे निमुळती शेपटी. हुबेहूब तसं मॉडेल दोन मापांत मिळत होतं.

"पप्पा, एकास बहात्तर आहे आणि एकास बत्तीस आहे."

"बहात्तर मागव."

"पप्पा, बहात्तरचं लहान असतं."

"मोनाली, दहाची मोटर मोठी का पाचची?"

"मोटरीचं वेगळं असतं."

"आकडा तो आकडा. पोरीच्या लग्नात मी बत्तीसवर भागवू? मागव बहात्तर."

ज्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल की गेजचा आकडा चढला की तार बारीक होते, त्या माणसाने हे बोलावं! पण ठरवून टाकलेल्या माणसाचं ज्ञान कामाच्या वेळी नेमकं बाहेरगावी गेलेलं असतं. डबा आला. भाऊंनी तो उघडला, आतलं चिमुकलं धूड दोन बोटांत धरलं आणि मटकन खाली बसले. सुनंदाबाईंनी स्वयंपाकघरातून भरताचं वांगं आणून शेजारी ठेवलं. वांगं दुप्पट भरलं.

"हे रुखवतात ठेवलं," त्या म्हणाल्या, "तर झुलालभाऊले दाखवायले भिंग लागंन."

मग बत्तीसचं मागवलं. तो डबा मात्र घसघशीत होता. आत प्लास्टिकच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीला लटकलेले बारीकसारीक भाग, जणू फणसाचे गरे. भाऊंच्या दुकानात कामाची एक रीत आहे. मोटर आली की आधी सगळी मोकळी करायची, नटबोल्ट एका बाजूला, तार एका बाजूला, आणि मग डोकं लावायचं. भाऊंनी त्याच रीतीने बसल्या बैठकीला सगळे भाग कटकट तोडून परातीत टाकले आणि रिकाम्या चौकटी चुलीत घालायला निघाले.

मोनाली धावत आली. "पप्पा, नंबर कुठेत?"

"कसले नंबर?"

"कोणता भाग कितवा, त्याचे नंबर त्या चौकटींवर असतात. भागांवर नसतात."

भाऊंनी परातीत पाहिलं. सगळे भाग एकाच राखाडी रंगाचे, आणि निम्मे एकमेकांच्या सख्ख्या भावांसारखे. खिडकीची दांडी कोणती आणि खुर्चीचा पाय कोणता, हे सांगायला बनवणाऱ्या कंपनीलाही साक्षी-पुरावे लागले असते.

पुढचे कित्येक दिवस भारंबेंच्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. सुनंदाबाई तांदूळ निवडावेत तसे परातीतले भाग निवडत होत्या. मोनाली कागदावरची चित्रं पाहून एकेक ओळखत होती. भाऊ चिकटवत होते, उलटं बसलं की उपटत होते आणि परदेशातल्या त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. लग्नाच्या पत्रिका वाटायच्या राहिल्या. बँडवाला दोनदा येऊन परत गेला. भावी नवरी दिवसभर बोटांना गोंद लावून बसलेली.

पण झालं! खरोखर झालं. एका सकाळी हेलिकॉप्टर तीन चाकांवर उभं राहिलं. परातीएवढा पंखा, पुढे लखलखीत काच, मागे ती निमुळती शेपटी. दोन परकी चिन्हं होती ती खरवडून भाऊंनी फोटोसारखा गडद हिरवा रंग दिला. सुनंदाबाईंनी हळदीकुंकू लावलं. वाहन घरात आल्यावर नारळ फोडायची रीत आहे म्हणून नारळही हातात घेतला, पण मोनालीने तो काढून घेतला. त्यांचं काही सांगता येत नव्हतं.

तिथेच थांबले असते तर मिशी आज गालावर असती. पण भाऊ हेलिकॉप्टर घेऊन दुकानात निघाले.

"आता कायले?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"वार्निश राह्यलं ना."

"त्याले वार्निश लागते?"

"आपल्या दुकानातून वार्निश मारल्याबिगर काही बाहेर जात नाही."

आणि त्यांनी मोटरीच्या वाइंडिंगला मारतात ते उग्र वासाचं वार्निश प्लास्टिकच्या हेलिकॉप्टरला शेंड्यापासून चाकापर्यंत चोपडलं. वार्निशनंतर वाळवणं आलं. दुकानात त्यासाठी पत्र्याची पेटी आहे, आत मोठाले दिवे. पण मे महिन्यात बोदवडला पेटीचे दिवे लावतो तो वेडा. मे महिन्यात आमच्याकडे सगळा गावच पेटी असतो. मोटरी सरळ शेडच्या पत्र्यावर ठेवल्या की दुपारपर्यंत खडखडीत. भाऊ हेलिकॉप्टर घेऊन घरी आले. घराच्या शेडच्या पत्र्यावर सुनंदाबाईंनी ज्वारीच्या बिबड्या घातल्या होत्या. दोन बिबड्या सरकवून भाऊंनी मधोमध हेलिकॉप्टर ठेवलं, मांडवासमोर उतरल्यासारखं, आणि जेवून आडवे झाले.

उठले ते सुनंदाबाईंच्या आवाजाने. त्या शिडीवर उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. नुसतं सांगितलं.

"अहो, तुमचं हेलिकॉप्टर बसलं."

"बसलं म्हणजे?"

"उभं होतं ना? आता बसलं."

भाऊ शिडी चढले. चाकांचे पाय तिन्ही दिशांना फाकले होते. तिन्ही पाती उन्हातल्या केळीच्या पानांसारखी खाली लोंबत होती. शेपटी कलली होती आणि तिच्या टोकाचा छोटा पंखा गळून पडला होता. आरशासारखी काच दुधासारखी पांढरी झाली होती. जे वार्निश जळालेल्या मोटरीला जीवदान देतं त्याने प्लास्टिक चाटून टाकलं होतं आणि उरलेलं काम पत्र्याने केलं होतं. नाक एका बिबडीत रुतलं होतं.

"माझी बिबडी गेली," सुनंदाबाई म्हणाल्या.

"दुसरं मागव," भाऊ मोनालीला म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"ते येईपर्यंत लग्न होऊन मी सासरी गेलेली असेन, पप्पा."

भाऊंचा हात आपोआप मिशीवर गेला.

पण हार मानतील ते भाऊ कसले. हेलिकॉप्टर माठाशेजारी गारव्याला ठेवलं. मोटरीच्या खाचांत ठोकतात त्या बांबूच्या पट्ट्या आतून बांधून पाय सरळ केले, शेपटी उचलली. नाकाला चिकटलेली बिबडी सुनंदाबाईंनी नखाने खरवडली. पाती मात्र वळेनात. जरा जोर दिला की तडकण्याचा आवाज येई, म्हणून ती लोंबतीच ठेवली. करता करता हळदीचा दिवस उगवला. दारात मांडव, घरात पाहुणे, अंगणात रुपचंद न्हावी पाहुण्यांच्या दाढ्या करतोय. आणि एकच काम उरलेलं, शेपटीच्या टोकाचा तो छोटा पंखा.

त्यासाठी मोनालीने क्षणात चिकटणारा गोंद आणून दिला होता. भाऊंनी पंख्याच्या दांडीला गोंद लावला, आणि तेवढ्यात शेपटी बांबूवरून घसरायला लागली. ती धरायला दोन्ही हात हवे होते. आता वाइंडिंगवाल्याचे दोन्ही हात अडकले की तो काय करतो? हातातली वस्तू ओठांत धरतो. जन्मभर भाऊंनी दोरा, टेप, नळ्या, सगळं ओठांत धरलं होतं. पंखाही धरला.

शेपटी बसली. भाऊंनी पंखा काढायला हात नेला. पंखा निघेना. ओढला, तर मिशी पुढे आली आणि डोळ्यांत पाणी.

"मोनालीच्या पप्पा," सुनंदाबाई दारातून म्हणाल्या, "पाहुणे हळदीले बोलावतात. तोंडात काय धरलं?"

भाऊ वळले. नाकाखाली, मिशीच्या ऐन मधोमध, तीन पात्यांचा पंखा.

रुपचंदला आत बोलावलं. त्याने भाऊंची हनुवटी उचलून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात असं डोकं त्याच्या हाताखाली आलं नव्हतं.

"भाऊ, पंखा तोडू का मिशी कापू?"

भाऊंना ओठ हलवता येईना. उत्तर सुनंदाबाईंनी दिलं. "पंखा तोडला तर हेलिकॉप्टर अर्धवट राह्यलं. अर्धवट म्हणजे हे हारले. हारले तर उद्या मांडवात मिशी जाईन."

"आणि पंखा ठेवला तर?"

"तर आज जाईन."

रुपचंदने विचार केला. "म्हणजे वहिनी, मिशी जातेच."

भाऊंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग हेलिकॉप्टरकडे. मग डोळे मिटले आणि मान हलवली. निदान शब्द खाली पडणार नव्हता. वस्तरा फिरला. अर्धी मिशी तर ठेवता येत नाही, म्हणून दोन्ही बाजू साफ झाल्या. खाली जे तोंड निघालं ते घरात कोणी ओळखीचं नव्हतं. मोनालीच्या धाकट्या मावशीने पाहुणे समजून पाणी आणून दिलं.

लग्नाच्या सकाळी रुखवताच्या टेबलावर लोकरीचे ससे होते, बिबड्यांच्या चळती होत्या आणि मधोमध लाल कापडाखाली झाकलेलं काहीतरी. वऱ्हाड आलं. झुलालमामा सगळ्यांच्या पुढे. भाऊ स्वागताला हात जोडून उभे. मामा त्यांना ओलांडून चार पावलं पुढे गेले, थांबले, मागे वळले, आणि भाऊंच्या वरच्या ओठाकडे पाहत राहिले.

"लीलाधरभाऊ... तुम्हीच शेतस ना?"

"मीच."

"खरंच काढी टाकी?"

"झुलालभाऊ, ऐका, त्याचं असं झालं..."

पण मामांचे डोळे भरून आले होते. त्यांना जन्मात कोणी इतकं मनावर घेतलं नव्हतं. ते तडक बँडवाल्याकडे गेले आणि त्याच्या हातचा माइक ओढून घेतला.

"मंडळी, बठ्ठा ध्यान द्या. मी साखरपुडाले यासनी मस्करी कयी. यासनी हेलिकॉप्टर करानं कबूल करं. नही झायं. पन या मानूसनी शब्द पाया. पोरीना लगीनमा सोतानी मिशी उतारी. असा व्याही भेटाले भाग्य लागस."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. दोघा-तिघांनी येऊन भाऊंना मिठ्या मारल्या. भाऊ ओरडून सांगत होते की हेलिकॉप्टर झालंय, तिथे आहे, ते बघा. पण बिनमिशीच्या माणसाचं बोदवडला कोण ऐकतं? शेवटी मोनालीच मुंडावळ्या सावरत गर्दीतून आली आणि तिने लाल कापड ओढलं.

टाळ्या थांबल्या.

टेबलावर हेलिकॉप्टर उभं होतं.

झुलालमामांच्या हातातला माइक अजून चालूच होता, म्हणून पुढचा प्रश्न सगळ्या मांडवाने ऐकला. "मंग मिशी कायले काढी?"

तेवढ्यात नवरदेव पुढे झाला. विचारल्याशिवाय न बोलणारा नवीन टेबलापाशी वाकला. लोंबणाऱ्या पात्यांवरून बोट फिरवलं.

"ही पाती कोणी वाकवली?"

"उन्हानं," भाऊ पुटपुटले.

"बरोबर आहेत," नवीन म्हणाला. "उभ्या हेलिकॉप्टरची पाती अशीच खाली वाकलेली असतात. बाजारातल्या मॉडेलमध्ये सगळे ताठ ठेवतात, ते चूक. आणि काच अशी धुळीने पांढरी होते, तेही बरोबर. पप्पा, तुम्ही कुठे शिकलात?"

भाऊंच्या छातीत एकदम हवा भरली. हात मिशीकडे गेला आणि रिकाम्या ओठावरून घसरून खाली आला. झुलालमामा तोंड उघडं टाकून उभे होते, आणि पहिल्यांदाच त्या तोंडातून काही निघत नव्हतं. काय सांगू मंडळी, त्या क्षणी लीलाधर भारंबे जिंकले होते. पुरते, चोख, साऱ्या धुळ्यासमोर जिंकले होते.

नवीन शेपटीकडे सरकला. डोळे बारीक केले. आणखी वाकला.

"एकच कळलं नाही, पप्पा. शेपटीच्या पंख्याला हे काळं झुपक्यासारखं काय आहे? आमच्याकडच्या हेलिकॉप्टरला असं नसतं."

माइक झुलालमामांच्या हातात होता आणि मामा शेजारीच उभे होते. त्यामुळे सुनंदाबाई हळूच बोलल्या तरी शेवटच्या रांगेतल्या आचाऱ्यालाही ऐकू गेलं.

"ते यांचं आहे. लय ओढलं, पन निघालं नाही."